उठायची मुभा द्या: डेस्कवर दिवस काढणाऱ्यांच्या वतीने कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
एचआर, ॲडमिन, ऑपरेशन्स आणि डब्ल्यूएफएम (वर्कफोर्स मॅनेजमेंट, म्हणजे शिफ्ट आणि ब्रेकचं प्लॅनिंग करणाऱ्या) टीम्स,
पुण्यातल्या सगळ्या बीपीओ, केपीओ, बॅक-ऑफिस आणि आयटी कंपन्या

नमस्कार,

मागच्या क्वार्टरला आमच्या फ्लोअरवर एक मेल आला. दुपारचा चहाचा ब्रेक बंद, सकाळचा पंधरा मिनिटांचा होता तो दहावर, आणि कीबोर्ड-माऊस तीन मिनिटं हलला नाही की सिस्टीम आपोआप आयडल, म्हणजे काम न करता बसलेला, दाखवणार, तो आयडल टाइम महिन्याच्या स्कोअरमधून कापला जाणार. शेवटी सहकार्य करावं ही विनंती. त्याच आठवड्यात एचआरकडून दुसरा मेल, पाठदुखी कशी टाळावी यावर वेबिनार आहे, जेवणाच्या सुट्टीत आपापल्या डेस्कवरूनच जॉइन व्हा. हे दोन्ही मेल पाठवणारी माणसं एकाच मजल्यावर बसतात, आणि तरी हे दोन निर्णय शेजारी-शेजारी ठेवून कोणी बघितले नाहीत, म्हणून हे पत्र.

कंपनीचं नाव घेत नाही. एका कंपनीला बदनाम करायचा हेतूच नाहीये, आणि खराडी, मगरपट्टा, विमाननगर, हिंजवडी कुठेही काम करणाऱ्या माणसाला विचारलं तर तो थोड्याफार फरकाने हेच सांगतो. कुठे तीन मिनिटांचं पाच असतं, कुठे ब्रेक आहे पण घेतला की टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, चेहरा बदलतो. त्यामुळे पत्र सगळ्यांनाच.

माझं काम हेल्थ इन्शुरन्सचे क्लेम प्रोसेस करायचं. दोन स्क्रीन, एकीकडे हॉस्पिटलची बिलं, एकीकडे पॉलिसी, दिवसाचं टार्गेट ठरलेलं. बरीच वर्षं हेच करतेय आणि काम मला आवडतं, हे आधीच सांगते, कारण पाठदुखीची तक्रार केली की पहिला प्रश्न येतो "काम नकोय का?" काम हवंय. पण उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी एक गाठ कायमची बसलीये, दुपारी तीननंतर ती दुखायला लागते, तिथून मानेत चढते, आणि रात्री कुशीवर वळलं की त्या हाताला मुंग्या येतात. वरच्या फळीवरचा डबा काढायला तो हात वर जात नाही. फिजिओकडे जाते, दोन आठवडे बरं वाटतं, पुन्हा तेच, कारण उपचार आठवड्यातून तासभर आणि खुर्ची रोज नऊ तास.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, तिची मान आतापासून धरते. पुढच्या रांगेत एकजण कमरेला पट्टा बांधून येतो. आमचा टीएल उभा राहून जेवतो, बसून जेवलं की डाव्या पायात कळ जाते म्हणून, आणि तोच टीएल आम्हाला आयडल टाइमचा रिपोर्ट वाचून दाखवतो कारण त्याला वरून तेच करायला सांगितलंय. त्याच्यावर राग नाही. तो पण याच खुर्चीवर बसतो.

आणि मी रोज फाईली बघते ना, त्यातून एक गोष्ट डोळ्यांसमोर सारखी येते. मणक्याच्या गादीचं ऑपरेशन, चार दिवस ॲडमिट, बिल लाखात, पेएबल. त्याच माणसाने आधी कित्येक महिने घेतलेली फिजिओथेरपी, ओपीडी, नॉन-पेएबल. म्हणजे दुखणं छोटं असताना खर्च त्याचा, ते ऑपरेशनपर्यंत पोचलं की पैसे पॉलिसीतून. हे वाचून नुसतं क्लिक करून पुढची फाईल उघडायची मला आता जड जातं.

आधी शरीरात काय होतं ते सांगते, कारण मॅनेजमेंटमध्ये अजून असा समज आहे की बसणं म्हणजे आराम. बसून टाइप करताना मान आणि खांद्याचे स्नायू रिकामे नसतात. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते स्क्रीनकडे पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते सतत धरून ठेवावं लागतं. ताण थोडाच असतो पण तो सुटतच नाही, आणि आखडून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून तो दुखतो. दिवसभर धुणं-भांडी करणाऱ्या माणसाचे हात थकतात, पण त्याच्या स्नायूला मधेमधे सैल पडायला वेळ मिळतो, आमच्या खांद्याला तो मिळत नाही. मणक्यांमधल्या गाद्यांची गोष्ट अजून वेगळी. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, तिला जे काही पोषण मिळतं ते आजूबाजूने झिरपून, आणि हालचाल झाली, दाब कमी-जास्त झाला की ते झिरपणं नीट होतं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, चालताना ते शिरा दाबतात आणि रक्त वर ढकललं जातं. तासन् तास पाय खाली सोडून बसलं की ते काम थांबतं, म्हणून संध्याकाळी चप्पल घट्ट होते. यातलं काहीही महागडी खुर्ची आणून सुटत नाही. चांगली खुर्ची हवीच, पण जगातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर पण नऊ तास न हलता बसलं तर दुखणारच.

हे आजच कळलंय असंही नाही. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्याने वर-खाली, बाकी डेपो तोच, शहर तेच, आणि हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की बसून राहायचा वेळ कमी करा, त्याच्या जागी कुठलीही हालचाल चालेल, हलकी पण चालेल. कंबरदुखीचं म्हणाल तर त्याच संघटनेच्या आकड्यानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत ती जगात पहिली आहे. आपल्याकडचं चित्र तर अजून काळजीचं. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासात २०२२ साली भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं, बायकांमध्ये तर ५७ टक्के. बायका घरी राबतात त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असं अजूनही सर्रास बोललं जातं, आमच्या एचआरच्या सेशनमध्येही बोललं गेलं. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटल्याने आखडलेली मान सुटत नाही, उलट त्याच मानेने खाली बघत अजून एक तास जातो.

आता तक्रारी, एक-एक करून.

पहिली आणि सगळ्यात मोठी, आयडल टाइम. तीन मिनिटांची मर्यादा म्हणजे उठून बाटली भरून परत येईपर्यंत लाल रंग. याचा परिणाम काय झालाय ते फ्लोअरवर उभं राहून बघा. लोक उठायचेच बंद झालेत. आधी कोणी प्रिंटपर्यंत जायचं, कोणी शंका विचारायला पलीकडच्या रांगेत जायचं, खिडकीपाशी उभं राहून फोन घ्यायचं, या सगळ्या बारीक-बारीक हालचालींनी शरीर सुटं राहत होतं आणि हे तुमच्याही लक्षात आलं नव्हतं, आमच्याही. आता शंका चॅटवर विचारतात, समोरासमोर बसलेली माणसं. एकजण फाईल वाचत असताना पण माऊस हलवत राहतो, का तर वाचताना कीबोर्ड लागत नाही आणि सिस्टीमला वाचन दिसत नाही. म्हणजे स्नायूला मिळणारी शेवटची विश्रांती होती, वाचताना हात मांडीवर ठेवायची, ती पण गेली.

दुसरी तक्रार बायो ब्रेकची, आणि हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. लघवीला जायचं तर सिस्टीममध्ये ऑक्स, म्हणजे 'जागेवर नाही' असा कोड, टाकायचा, त्या ऑक्सची मिनिटं मोजायची, दिवसात इतक्यापेक्षा जास्त झाली की टीएलसोबतच्या वन-ऑन-वन मीटिंगमध्ये विषय निघणार. म्हणून आमच्या रांगेतल्या बायका पाणीच कमी पितात. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी अर्धी घरी जाते. युरिन इन्फेक्शन वारंवार होतं, डोकं दुखतं, आणि जी दर तासाला आपसूक उठायची सवय पाण्यामुळे लागते ती लागतच नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल. आमच्यातली एक गरोदरपणात सुजलेल्या पावलांनी शेवटपर्यंत येत होती, डॉक्टरने दर अर्ध्या तासाने चालायला सांगितलेलं, ती चिठ्ठी टीएलला दाखवून, एचआरला मेल करून, त्याचं अप्रूव्हल येईपर्यंत तिची मॅटर्निटी लीव्ह सुरू झाली.

तिसरी, फर्निचर. खुर्च्या एकाच मापाच्या मागवल्यात आणि ते माप उंच पुरुषाचं आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे पाय जमिनीला टेकत नाहीत, मांडीखाली खुर्चीची कड रुतते, पाय बधिर होतात. म्हणून आमच्या फ्लोअरवर निम्म्या डेस्कखाली ए-फोर कागदाची न फोडलेली रिमं आहेत, स्टेशनरीच्या खोलीतून आणलेली, त्यावर पाय ठेवून आम्ही बसतो, आणि ऑडिट आलं की ती उचलून ठेवायला सांगतात. एक साधा फुटरेस्ट किती रुपयांचा येतो? हायब्रिडवाल्यांना तर नुसता लॅपटॉप हातात दिलाय, स्क्रीन डोळ्यांच्या लेव्हलला आणली तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान खाली जाते, वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉपखाली स्टँड असल्याशिवाय दोन्ही एका वेळी जमत नाही. घरी लोक दिवाणावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून शिफ्ट काढतात. डेस्कची तपासणी जॉइनिंगच्या दिवशी होते म्हणता, त्या तपासणीत सेफ्टीच्या फॉर्मवर सही घेतात, माणूस खुर्चीवर कसा बसतोय हे कोणी बघत नाही.

चौथी, जिने. दोन मजल्यांचे जिन्याचे दरवाजे सिक्युरिटीसाठी बंद केलेत, आमच्या ॲक्सेस कार्डाने उघडत नाहीत, आग लागली तरच उघडणार म्हणतात. सहाव्यावरून सातव्यावर कँटीनला जायला लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. पार्किंगच्या कडेने चालायला छान जागा आहे, जेवणानंतर दहा मिनिटं तिथे फिरलं तर साखरही आटोक्यात राहते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबेटिसचे पेशंट निघाले, त्यातले बरेच आपल्यातच बसलेत. पण जेवणाची अर्धी सुट्टी लिफ्टमध्ये आणि मायक्रोवेव्हच्या रांगेत जाते.

पाचवी तक्रार थोडी वेगळी आहे. तुम्ही आमचं दुखणं आमची वैयक्तिक सवय समजता. स्टेप चॅलेंज काढता, जिमच्या मेंबरशिपवर डिस्काउंट देता, पोस्टर लावता. कोणाचाच हेतू वाईट नाही हे मान्य. पण हिशोब करून बघा. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की दिवसात आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला धोका भरून काढायला रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटं बऱ्यापैकी वेगाचा व्यायाम लागतो. रोज. शिफ्ट नऊ तास, कॅबमध्ये किंवा गाडीवर जाऊन-येऊन दोन-अडीच तास, ते पण बसूनच, हिंजवडीचं ट्रॅफिक काय सांगायचं, मग घरचं सगळं. तो तास कुठून काढायचा? ज्यांना निघतो त्यांनी जरूर काढावा. पण आमच्या दिवसातले जे नऊ तास तुमच्या ताब्यात आहेत त्यात काही बदलायचं नाही आणि उरलेल्या तासांमध्ये आम्ही सगळं भरून काढायचं, ही वाटणी बरोबर नाही.

सहावी, इन्शुरन्सची, ती वर सांगितलीच.

कोणी म्हणेल, साचलेल्या फाईलींचा क्यू कोण रिकामा करणार, क्लायंटला काय सांगणार. याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय कारण मी पण टार्गेटवरच जगते. आपल्यापैकी कितीतरी कंपन्यांचा क्लायंट इंग्लंडचा किंवा युरोपचा आहे. युरोपात १९९० पासून स्क्रीनवरच्या कामासाठी डायरेक्टिव्ह आहे, त्यात मालकावर जबाबदारी टाकलीये की काम मधूनमधून ब्रेकने किंवा वेगळ्या प्रकारच्या कामाने तोडलं गेलं पाहिजे. इंग्लंडमध्ये १९९२ पासून तसेच नियम आहेत आणि तिथली सरकारी सेफ्टी यंत्रणा सांगते की दर तासाला पाच ते दहा मिनिटांचा छोटा ब्रेक हा दर दोन तासांनी वीस मिनिटांच्या ब्रेकपेक्षा चांगला. म्हणजे क्लायंटच्या तिकडच्या ऑफिसात जो माणूस तीच फाईल, तीच स्क्रीन बघतो त्याला हे संरक्षण आहे. ती फाईल पुण्यात आली की संरक्षण गळून पडतं. क्लायंटला हे सांगायला अवघड का जावं, त्याच्या देशात तर हेच चालतं. काँट्रॅक्ट करताना डेटा सिक्युरिटीचे सगळे नियम तुम्ही त्यांच्यासारखे इथे लावता, मग हा का नाही?

आपल्याकडचा कायदा बघायला गेलं तर महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ मध्ये झाला तेव्हा त्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं होतं. पाच तास सलग हा आकडा डेस्कवरच्या माणसाची पाठ डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला नाही हे उघड आहे. वर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या आस्थापनांमधले दिवसाचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. तासांवर चर्चा खूप झाली, पगारावर झाली, ओव्हरटाइमवर झाली, पण त्या वाढलेल्या तासात माणूस बसून राहणार आहे आणि त्याला उठायचा हक्क कुठेच लिहिलेला नाही, यावर कोणी बोललं नाही. कामगार विभागातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही हे सांगणं आहे.

हक्क म्हटल्यावर केरळचं आठवतं. तिथल्या कापडाच्या दुकानांत सेल्सवर काम करणाऱ्या बायकांना दहा-दहा तास बसायची बंदी होती, गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतच्या बायका वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडल्या आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून त्यांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केलं. त्यांची मागणी बसण्याची, आमची उठण्याची, पण दोन्हींत म्हणणं एकच की शरीर एकाच अवस्थेत डांबून ठेवू नका. म्हणूनच कोणी उद्या सगळ्यांना उभ्याने काम करायची डेस्कं आणली आणि प्रश्न मिटला असं म्हणालं तर ते आम्हाला नकोय. दिवसभर उभं राहून कंबर आणि पायाच्या शिरा बिघडतात. बदल करत राहता आलं पाहिजे.

आणि हे करायला काही लागत नाही हो. आमच्या रांगेतल्या चार-पाच जणी आयडल टाइम येण्याआधी करायचो ते सांगते. अर्ध्या तासाने उठायचं, खुर्चीला हात न लावता उठ-बस आठ-दहा वेळा. हनुवटी आत ओढून मान मागे सरळ करायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. दोन्ही खवाटे मागे एकमेकांकडे ओढायचे. फोनवर बोलताना उभं राहून टाचा वर-खाली. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं, डोळ्यांसाठी. सगळं मिळून तासाला तीन-चार मिनिटं जात होती. त्या दिवसांत दुपारी तीनचं दुखणं संध्याकाळी सहावर गेलं होतं, काही दिवशी यायचंच नाही, आणि माझ्या फाईलींमध्ये चुका कमी निघायच्या, क्वालिटीवाल्यांनी स्वतः विचारलं होतं काय बदललं म्हणून. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने ऑफिसात करायचा पाच मिनिटांचा वाय-ब्रेक काढलाय, ताडासन, कटिचक्रासन, थोडं प्राणायाम, २०२१ मध्ये त्याचं ॲप आलं आणि केंद्राच्या कार्मिक विभागाने सगळ्या मंत्रालयांना ते वापरायला प्रोत्साहन द्या असं कळवलं, पुढे २०२३ मध्ये खुर्चीवर बसून करायचा प्रकारही आला. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायाम लागतो आणि तिथे कितीतरी ठिकाणी कामाच्या जागी लोक उभे राहून तो करतात. त्यांचं काम बंद पडलं नाही.

तर मागण्या अशा.

दुपारचा ब्रेक परत सुरू करा आणि सकाळचा पुन्हा पंधरा मिनिटांचा करा. हे लगेच, त्याला कुठल्या बजेटची गरज नाही.

तासाला पाच मिनिटं उठायची, फिरायची, अंग मोकळं करायची मुभा द्या आणि डब्ल्यूएफएमने ती मिनिटं श्रिंकेजमध्ये, म्हणजे माणूस जागेवर नसणार हे आधीच धरलेल्या वेळेत, धरून प्लॅनिंग करावं, जसं ट्रेनिंग आणि सुट्ट्या धरता तसंच. श्रिंकेजमध्ये नसलेला ब्रेक कागदावरच राहतो हे ऑपरेशन्समधल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून हा शब्द मुद्दाम लिहिलाय. आयडल टाइम स्कोअरमधून काढा. मोजायचंच असेल तर फाईली मोजा, चुका मोजा, ते आम्हाला मान्य आहे. आणि ते सॉफ्टवेअर इतकं हुशार आहे तर पन्नास मिनिटं सलग काम झालं की त्याने उठायची सूचना द्यावी.

बायो ब्रेकची मिनिटं कोणाच्याही रिव्ह्यूमध्ये येता कामा नयेत. गरोदर बायका आणि डॉक्टरची चिठ्ठी असलेल्यांचं अप्रूव्हल टीएलच्या लेव्हललाच, त्याच दिवशी.

ज्याला लागेल त्याला फुटरेस्ट, लॅपटॉपवाल्यांना स्टँड आणि वेगळा कीबोर्ड, आणि वर्षातून एकदा फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाच्या डेस्कपाशी येऊन माणूस बसलेला असताना बघावं.

जिन्याचे दरवाजे कामाच्या वेळेत कार्ड लावून उघडतील असे करा.

पुढच्या वर्षी ग्रुप मेडिक्लेम रिन्यू करताना ओपीडी फिजिओथेरपीचा कव्हर मागा. प्रीमियम किती वाढतो ते विचारा आणि आकडा आम्हाला पण सांगा, थोडा भाग आमच्याकडून घ्यावा लागला तरी त्यावर बोलू.

राज्याच्या कामगार विभागाला एवढंच की स्क्रीनवरच्या कामासाठी वेगळे नियम करा, तास वाढवताना तरी करा.

हे सगळं एकदम सगळीकडे जमणार नसेल तर एका फ्लोअरवर एक क्वार्टर करून बघा. आधीचे आणि नंतरचे सिक लीव्ह, एरर रेट, ॲट्रिशन म्हणजे नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, तिन्ही आकडे सगळ्यांसमोर ठेवा. आमचा फ्लोअर तयार आहे, टीएलसकट. आणि उत्तर लेखी द्या, टाऊनहॉलमध्ये तोंडी आश्वासन नको, ते मीटिंगच्या लेखी नोंदीत कधी येत नाही.

आपली,
क्लेम्स विभागातली एक कर्मचारी, पुणे